आतल्या खोलीची ऊब

॥ श्री ॥

सोलापूर, सात रस्त्याजवळ
ता. १९ नोव्हेंबर १९३३

सौ. गोजराबाई अक्का यांसी,
श्रीमंत सिदू वाघमोडे याचा सादर नमस्कार. वि. वि. आपले पत्र पावले. सोनाबाईस सातवा लागला, पहिले बाळंतपण माहेरी व्हावयाचे, आईवडील नाहीत म्हणून थोरल्या बहिणीने न्यावयाचे, हे सर्व मी जाणतो. आपण तिला लहानाची मोठी केलीत, तो अधिकारही मान्य आहे. परंतु थोडे थांबावे लागेल.

कारण असे की, आमच्या जनावरांच्या दवाखान्यातील साहेब बदलून गेले व जाताना अंडी उबवण्याचे आपले यंत्र मला देऊन गेले. लाकडी पेटी आहे, पुढे काचेचे दार. बाजूला रॉकेलचा दिवा जळतो, त्याची ऊब नळीने आत जाते. कोंबडीची गरजच नाही. एका खेपेस साठ अंडी. पारा एकशे तीन डिग्रीवर एकवीस दिवस ठेवावयाचा आणि अंडी दिवसातून तीनदा उलटावयाची, की झाले. फेब्रुवारीत येथे शेतकी प्रदर्शन भरणार आहे. आमच्या कचेरीत हे काम कोणी घरी करून पाहिलेले नाही. मी करून दाखवले तर नव्या साहेबांपुढे माझे नाव होईल.

मी दिवसभर कचेरीत, तेव्हा यंत्रापाशी सोनाबाईच हवी. काम बसल्या जागचे आहे. तिलाही तेवढीच करमणूक. आपल्या कोंबड्यांची तारीफ ऐकून आहे, तरी साठ ताजी अंडी भुश्यात घालून सर्व्हिस मोटारीने पाठवावी. जितक्या लवकर अंडी येतील तितक्या लवकर ती मोकळी होईल. आपले यजमान कोंडीबाराव यांस नमस्कार. कृपा आहेच, ती वाढावी.

आपला,
श्रीमंत

—

टेंभुर्णी
ता. २३ नवंबर

राजश्री श्रीमंत दाजींस गोजराबाईचा नमस्कार. हितं समदी खुशाल हायती. मालक मेंढरं घिऊन माळशिरसाकडं गेल्यात, म्हून हे पत्र म्याच लिवलंय. अक्षराला हसू नका, तीन यत्ताच झाल्यात माज्या.

बासष्ट अंडी धाडली. दोन फुटतुटीला जास्तीची. तीन कोंबड्या कालच खुडूक बसल्या व्हत्या, त्यांच्या पोटाखालचीबी काडली. आता घरभर मला चोचा मारत हिंडत्यात. दाजी, कोंबडी एकवीस दिस जागची हालत न्हाय, दाण्यालाबी उटत न्हाय. ते काम पोटुशीला कसं जमंल? तुमीच रजा काडून बसा की त्या पेटीवर. तुमचीबी करमणूक व्हईल!

चेष्टा झाली. खरं सांगते, आमची आय सोनाच्या येळंला गेली. तवा मी दहा वर्सांची व्हते, समदं डोळ्यांनी बगितलंय. म्हून जीव खालवर व्हतोय. बाविसाव्या दिशी मी मोटारीनं येते आन् तिला घिऊन जाते. तोवर तिला जड उचलू दिऊ नका. सोनाला माजा आशीर्वाद सांगा. आमच्यावर मया ठिवा.

गोजराबाई

—

सोलापूर
ता. १९ डिसेंबर

अक्काच्या पायाशी सोनाचा नमस्कार. हे पत्र शेजारच्या सुंदरम्माच्या भावानं टपालात टाकलं. मी लिवलं असं ह्यांना कळू दिऊ नको. तू यायाची तयारी केली असशील. येऊ नको.

अक्का, एक पिल्लू न्हाय निगालं. बाराव्या दिशी मला घेरी आली. सुंदरम्मानं तिच्या घरात निजवलं. ती मागावर विणनाऱ्या साळ्याची बाई, तेलगू बोलते, पर माज्यासंगं मोडकंतोडकं मराटी बोलून जीव लावती. मी तितं पडले आन् हिकडं दिवा इजला. हे कचेरीतनं आले तवा पारा लई खाली गेला व्हता.

त्यांनी हात उगारला न्हाय. ते कंदीच मारत न्हाईत, तसं मनात आणू नको. चार दिस बोलले न्हाईत. मी वाडलेलं ताट उचलून मोरीत वतायचे आन् खानावळीत जायाचे. रोज वतायचे, मी रोज रांदायची.

काल बाविसावा दिस सरला. मग मला आंगणात पाटावर बसवलं, म्होरं बादली ठिवली. हे वही घिऊन खुर्चीवर. म्हनले, येकेक अंडं फोड आन् आत काय हाय ते सांग, कोनच्या दिशी मेलं ते लिवायचं हाय, साहेब विचारतील. मी म्हनलं, माज्यानं व्हनार न्हाय, मला आटवा हाय. तर म्हनले, तुज्या निजेनं मेलीत, तूच बग. अक्का, कुटं नुसते डोळे, कुटं पंख फुटलेले, कुटं चोच. वास आसा की सुंदरम्मा नाकाला पदर लावून कुडापल्याडनं रागं भरत व्हती. पन्नासाच्या म्होरं येकात हाललं. मी वरडले, जितं हाय. त्यांनी वहीत काय तरी लिवलं आन् म्हनले, अशक्त हाय, जगून उपेग न्हाय, टाक बादलीत. मी टाकलं. त्याच येळंला माज्या पोटात बाळानं लाथ मारली.

आता दुसरी साट अंडी मागनार हायती तुज्याकडं. ती उबली की मला धाडतो म्हनत्यात. तवा धाड, अक्का. चांगली बगून धाड.

तुजी,
सोना

—

टेंभुर्णी
ता. २२ डिसंबर

राजश्री श्रीमंत दाजींस गोजराबाईचा नमस्कार. पैला डाव फसला हे तुमच्या पत्रातनं कळलं. वाईट वाटलं. तुमी सोनाची हयगय म्हनता, व्हय, आसंल. पोर हाय, चुकली. तिच्या वतीनं मी पदर पसरते.

साट अंडी धाडलीत. माज्या कोंबड्यांची पुरली न्हाईत, म्हून दगडाबाई, चंद्रव्वा, समद्यांची दारं फिरले. येकेक अंडं दिव्याम्होरं धरून बगितलंय, येकबी पोचट न्हाय.

आता माजं येवडं आयका. मी येते आन् यंत्रापाशी बसते. दिवा, वात, उलटापालट, समदं शिकते. तुमच्या घरचं पानीबी पिनार न्हाय, माजी भाकरी मी बांदून आनीन. सोनाला तेवडी हिकडं धाडा. न्हायतर तिला तितंच ऱ्हाऊ द्या आन् मला तिच्यापाशी येऊ द्या. तुमी म्हनाल तसं. उलट टपाली कळवा, मी गटुडं बांदून बसली हाय. आमावर राग धरू नका.

गोजराबाई

—

॥ श्री ॥

सोलापूर
ता. १६ जानेवारी १९३४

सौ. गोजराबाई अक्का यांसी,
श्रीमंत वाघमोडे याचा सादर नमस्कार. वि. वि. कळविण्यास आनंद होतो की, साठांपैकी अठ्ठेचाळीस अंड्यांतून पिले निघाली! ऐन संक्रांतीच्या दिवशी सकाळी पहिल्या अंड्याच्या कवचास टोच पडलेली दिसली आणि रात्रीपर्यंत पेटी चिवचिवाटाने भरून गेली. नवे साहेब स्वतः पाहावयास आले होते. काचेतून वाकून पाहिले व माझ्या पाठीवर थाप मारली. पारा एकवीस दिवसांत एकदाही दोन डिग्रीहून जास्त हालला नाही, ही वही मी त्यांना दाखवली. आपल्या अंड्यांचा यात मोठा वाटा आहे, हे मी विसरणार नाही.

आपण येतो म्हणाला होता, त्यास उत्तर देणे राहून गेले. घरात दोन बायका आल्या की बोलणे होते आणि कामावरचे लक्ष उडते, म्हणून कळविले नाही. राग नसावा.

दुसरी गोष्ट, ता. १२ रोजी पहाटे सोनाबाई दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. मुलगी होती. फारच लहान, त्यात थंडी. ऊन पडण्याच्या आत गेली. ईश्वराच्या मनात नव्हते. सोनाबाईची प्रकृती तशी ठीक आहे. काही दिवस पडून आहे, इतकेच. पुन्हा होतीलच. आपण समजूतदार आहात, तिला धीराचे चार शब्द लिहावेत, म्हणजे ती लवकर उठून पिलांच्या दाण्यापाण्याकडे पाहील. प्रदर्शन तीन आठवड्यांवर आले आहे.

सोबत संक्रांतीचा तिळगूळ पाठवीत आहे. गोड मानून घ्यावा आणि लोभात अंतर पडू देऊ नये.

आपला,
श्रीमंत

—

सोलापूर
ता. २० जानेवारी

अक्का, नमस्कार. बसून लिवता येत न्हाय, अक्षर लागंल तसं लाव.

त्यांनी तुला काय कळवलं ते ठावं न्हाय. झालं ते सांगते. पहाटं कळा आल्या. मी आतल्या खोलीत यंत्रापाशीच निजायची, दिव्याची वात बगाय. ह्यांनी मला उटवून पडवीत नेलं. म्हनले, एकोणिसावा दिस हाय, आता त्या खोलीचं दार उगडायचं न्हाय, गार वारं शिरलं की पारा पडतो. पडवीला भिंत येकाच बाजूला, तुला ठावं हाय. येकच पोतं हातरलं व्हतं. सुंदरम्मा माजं वरडनं आयकून आली. तिनंच सोडवलं.

लेक व्हती, अक्का. वंजळीत मावंल येवडी. रडली. बारीक रडली, पर रडली. सुंदरम्मा म्हनली, आत घ्या, आत ऊब हाय. हे दारात उबे ऱ्हायले. ती म्हनली, मग शेगडी आनते. हे म्हनले, धूर आत जाईल, अंड्यांना धूर चालत न्हाय. तिनं तेलगूत शिव्या दिल्या, पाया पडली, मग पोरीला लुगड्याच्या आत उराशी धरून तिच्या घराकडं पळाली. मला उटता येत नव्हतं. गिरणीचा भोंगा झाला, उजाडलं, तवा ती आली. पोर तिच्या उराशीच व्हती, पर तिच्या चालीवरनंच कळलं मला.

दारापल्याड साट अंडी ऊबंत व्हती.

आजून येक. पिल्लं निगाली त्यात पाच-सा मरतुकडी व्हती. हे आले आन् म्हनले, तू पडूनच हायेस, तुज्या अंगाची ऊब फुकट जाती. आन् माज्या वाकळंत सोडली. मी हाकलली न्हाईत. त्यांचा काय गुना? माजं दूध आलंय, अक्का, चोळी भिजती, आन् काखंत पिल्लं चिवचिवत्यात. दोन मेली. बाकीची तगली. ती बगून हे खूस हायती.

मला घिऊन जा. दिवसा ये, हे कचेरीत असताना.

सोना

—

॥ श्री ॥

सोलापूर
ता. १० फेब्रुवारी १९३४

सौ. गोजराबाई अक्का यांसी,
श्रीमंत वाघमोडे याचा नमस्कार. वि. वि. गेल्या महिन्यात ता. २४ रोजी आपण मी घरी नसताना येऊन सोनाबाईस घेऊन गेलात. मला चिठ्ठी नाही, निरोप नाही. शेजारच्या त्या तेलगू बाईने मला दारात अडवून भर गल्लीत तोंडाला येईल ते ऐकवले. आपल्या घराण्यास हे शोभते काय?

तरीही मी मन मोठे करून लिहीत आहे. प्रदर्शनात पहिले प्रशस्तिपत्रक मला मिळाले, चौकट करून भिंतीवर लावले आहे. मात्र आता पिले सोळाच उरली. बाकी मेली, काही मांजराने नेली. मी कचेरीतून येऊन किती पाहणार? साहेब दोनशे अंड्यांचे मोठे यंत्र मागविणार आहेत व ते माझ्याच घरी ठेवावे असे म्हणतात. अशा वेळी घरात बाईमाणूस हवे. जे झाले त्यात माझा दोष काय? मी दारू पीत नाही, हात उगारीत नाही, सरकारी नोकरी आहे. अशी स्थळे रस्त्यावर पडलेली नसतात.

आठ दिवसांत तिला पोचती करावी. न केल्यास मला दुसरी बायको करावी लागेल. मग माझ्याकडे बोट दाखवू नये. पूर्वीचा लोभ आठवून विचार करावा.

श्रीमंत वाघमोडे

—

टेंभुर्णी
ता. १९ फेब्रवारी

श्रीमंत वाघमोडे यांस गोजराबाईकडनं.

तुमचं पत्र पंचांम्होरं वाचलं. मालक मेंढरं सोडून आले, काल देवळाम्होरं समदी बसली. तुमचा चुलता येडूबाबा तुमच्या वतीनं आला व्हता, तो तुमाला सांगंलच, पर माज्या हातानंबी लिवते.

पैल्यांदा समद्यांनी तुमचीच बाजू घेतली. पीत न्हाय, मारत न्हाय, सरकारी मानूस, मग पोरीला काय टोचतंय, आसं बोलले. लेकरू कुनाचं जात न्हाय, आसंबी येक जन बोलला. सोनाला धाडून द्या, ठरतच आलं व्हतं. मी भांडाय उटले तर मला खाली बसवलं.

मग सोना सोताहून उटली. रडली न्हाय. पडवी, आतली खोली, शेगडी, वाकळंतली पिल्लं, समदं सांगितलं. म्हातारा भीमा धनगर उबा ऱ्हायला. सगळा जनम मेंढरांमागं गेला त्याचा. तो येडूबाबाला म्हनला, थंडीत वाटंवर कोकरू झालं तर आमी ते आमच्या घोंगड्यात घेतो आन् सोता कुडकुडत चालतो, तुज्या पुतन्याला हे कुनी शिकवलं न्हाय का? येडूबाबानं मान खाली घातली. भीमानंच गवताची काडी आनून सोनाच्या हातात दिली. तिनं मोडली. काडीमोड झाली, पंचांचे आंगठे कागदावर हायती.

तुमी दुसरी करा, तिसरी करा. जी येईल तिच्या मायेच्या माणसाला मी शोदून काडीन आन् हे समदं सांगीन.

माजंबी पाप हाय. दोन डाव अंडी म्याच रचून धाडली. गोड बोलले, पदर पसरला, वाटलं तुमची हौस भागली की पोर सुटंल. तवाच येऊन तिला वडून आनायला पायजे व्हतं. हे मी तुमाला सांगत न्हाय, माजं मलाच सांगते.

पंचांनी कागदावर लिवायला लेकराचं नाव विचारलं. मी म्हनले, ठिवलं न्हाय. तर सोना म्हनली, ठिवलंय. सुंदरम्मा पोरीला घिऊन पळाली तवा मागनं हाक मारायला नाव पायजे व्हतं, म्हून सोनानं पडल्या पडल्या ठिवलं, म्हाळसा. तितनं भोंगा व्हईस्तवर तीच हाक मारत ऱ्हायली. तुमी दारातच उबे व्हता, तुमाला आयकू आलं आसंल.

आता ऊन तापाय लागलंय. सोना भर दुपारची आंगणात घोंगडं पांघरून बसती आन् थंडी वाजती म्हनती.

पत्र धाडू नका. लोभाचं काय मागनं न्हाय.

गोजराबाई