आपल्या वाडीची दुसरी जागा

ती. शंभूदादास,

टेकवाडीहून धाकट्या चुलतभावाचा, ऋषिराजचा, नमस्कार. सांगलीची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवली असेल आणि वहिनींचा दमा आवरला असेल, अशी आशा. जांभळाच्या फांदीवरून आपलं बोलणं थांबलं त्याला सात वर्षं झाली. (रोजनिशीत पाहिलं. सहा वर्षं अकरा महिने. उगाच वाढवून कशाला सांगू?)

लोणंदच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवता शिकवता मला एक नाद लागलाय. अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सभासद असतात, राज्य केवढंही असो. कुठल्या राज्यानं कधी कुठल्या पक्षाचे दोघे पाठवले, त्याचा मी दर दहा वर्षांचा एक नकाशा रंगवतो. दुपारी कागद एकामागून एक उलटत बसलं की रंग सरकत जातात, माळावरून ढगांच्या सावल्या जातात तसे. व्हरमाँट नावाचं राज्य तर शंभराहून अधिक वर्षं एकाच रंगात पेंगत होतं. मला आवडतात ती दुरंगी राज्यं, एक सभासद या पक्षाचा, दुसरा त्या पक्षाचा. पन्नासेक वर्षांपूर्वी जवळजवळ निम्मी तशी होती, आता बोटांवर मोजण्याइतकी. (असं का झालं, मला नीटसं कळलेलं नाही. वर्गात मात्र कळल्यासारखं बोललो, त्याची चुटपुट आहे.)

अशाच तंद्रीत होतो आणि सरपंच मनुबाई पाणीयोजनेच्या कामानं घरी आल्या. "ह्ये काय वो सर, गोधडीचा नमुना?" म्हणाल्या. मी समजावलं. त्यांना ते इतकं पटलं, की ग्रामसभेत त्यांनी पाणी समितीसाठी तेच मांडलं: गावठाण असो की वाडी, प्रत्येकी दोन सभासद. सगळे खूश. मग आपली वाडी आली. घरं दोन, त्यातलं तुझं बंद. गावठाणातला गुंडा उठला. "आमचं तीनशे उंबरं, आमाला दोन. आन् टेकवाडीला सर एक आन् कुलूप एक?" सभा खो खो हसली. मनुबाईंनी मला सावरायला विचारलं, "तिकडं तरी लोक खूश हायत न्हवं?"

इथं मी 'हो' म्हणायचं होतं. पण खोटं बोलवेना. कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी माणसं, वायोमिंगमध्ये सहा लाखही नाहीत, जागा दोघांनाही दोनच, आणि त्यावर तिकडं किती आक्षेप आहेत, हे मी पंचवीस मिनिटं सांगितलं. "बगा, सरच म्हंत्यात अन्याव हाय!" गुंडा म्हणाला. ठरलं असं, की शनिवारी दुसऱ्या सभासदानं स्वतः हजर राहून अर्जावर सही करायची, नाहीतर वाडीच्या दोन्ही जागा गावठाणाकडं. मग नळ ओढ्याच्या पलीकडंच, गावठाणाच्या बाजूला थांबणार, हे गुंडाच्या चेहऱ्यावर तेव्हाच दिसलं.

असो. हे पत्र केवळ खुशालीचं. उत्तर दिलं नाहीस तरी राग नाही.

तुझा,
ऋषिराज

ता. क. केवळ खुशालीचं, हे खरं नाही. मतदार यादीत तुझं नाव अजून इथंच आहे, दुसरी जागा तुझी. माझ्या बाजूनं बोलायची अट नाही. हवं तर प्रत्येक ठरावाला माझ्याविरुद्ध हात वर कर. वाडी दुरंगी होईल, पण राहील.

आणखी एक. अर्जावर तुझं नाव मी कालच लिहिलं, सही तेवढी राहिली. शाळेपासून ती मला हुबेहूब येते. कोऱ्या कागदावर तीनदा काढली आणि फाडून टाकली. सभा अकराला आहे. मी नऊपासून लोणंद स्टँडवर उभा असेन. बोलू नकोस, नुसता उतर.