मंगळवारचं विमान

प्रिय रोतिया,

तुझं पत्र मिळून पाच आठवडे झाले. उत्तराला इतका उशीर मी कधी केला नव्हता, त्यामुळे काकांचं काही बरंवाईट तर झालं नाही ना, असं तुझ्या मनात येऊन गेलं असेल. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, त्यात नवीन काही नाही. खरं सांगायचं तर चार वेळा लिहायला बसलो, चारही वेळा इथलं हवापाणी कळवून झालं आणि कागद फाडून टाकला. आज मात्र फाडणार नाही.

आपल्या व्यायामशाळेचं छप्पर पश्चिमेच्या वाऱ्यात उडालं आणि थेट चर्चच्या अंगणात जाऊन पडलं. पाद्रीबुवा भेटले तर म्हणतात, "तिओती, तू कधी येत नाहीस, निदान तुझे पत्रे तरी आले!" सध्या नीरफणसाच्या झाडाखाली सराव चालतो. सहा मुली येतात. म्वाइया नावाची एक आहे, बेतिओ गावची. ती अगदी तुझ्यासारखीच पाठ वाकवून वजन उचलते. मी दिवसभर "कंबर! कंबर!" म्हणून ओरडत असतो, म्हणून पोरींनी माझं नाव कंबरकाका ठेवलंय. ठेवोत बापड्या. आरितिता वहिनी ठीक आहेत. तुझ्या आईबद्दलची ही एक ओळ मी प्रत्येक पत्रात लिहितो आणि तू प्रत्येक उत्तरात ती गाळून पुढे जातेस. सहा वर्षं झाली. डाव्या डोळ्यानं त्यांना आता फारसं दिसत नाही, तरी चटया विणणं सुटलेलं नाही. बोटांना दिसतं, म्हणतात.

तुला मी पहिल्यांदा पाहिलं ते आठवतं का? तेरा-चौदा वर्षांची होतीस. तुझ्या बाबांची, बाउरोची होडी किनाऱ्याला लागली होती आणि तो मासे उतरवत होता. तू होडीचं इंजिन सोडवलंस, खांद्यावर घेतलंस आणि वाळूतून चालत घरापर्यंत गेलीस, तेही शेजारच्या पोरीशी भांडत. मी तिथेच बाउरोला म्हटलं, ही मला दे. तो म्हणाला, "घेऊन जा, पण जेवायला पण तूच घाल, मला परवडत नाही." माझा लहानपणापासूनचा मित्र तो, बोलायचा असाच. पण पुढच्याच आठवड्यात त्यानं बिस्किटांच्या मोठ्या डब्यांत सिमेंट आणि समुद्रातली खडी ओतून तुझ्यासाठी वजनं तयार केली. "बरोबर किती किलो ते देवाला ठाऊक," म्हणाला, "पण जड आहेत, एवढी खात्री देतो." रोज पहाटे माडी काढायला माडावर चढला की तो वरून गायचा. इतका बेसूर, की खालून बायका ओरडायच्या, बाउरो, माडी आंबेल! तू त्याच्या गाण्यावर मोजून उठाबशा काढायचीस.

बेटांच्या खेळस्पर्धांसाठी सुव्याला निघालो तेव्हा आपण एकूण एकोणीस जण होतो. आपल्याला उतरवलं त्या शाळेचे वर्ग, जमिनीवरच्या गाद्या, सकाळ-संध्याकाळ कसावा आणि डब्यातले मासे. उद्घाटनाच्या दिवशी निवेदकानं आपल्या देशाचं नाव लिहितात तसंच वाचून "किरिबाटी" म्हटलं आणि आपण एकोणीसच्या एकोणीस जण मैदानातून ओरडलो, "किरिबास!" सगळं मैदान हसलं. तुझी स्पर्धा मंगळवारी होती. तू मला म्हणालीस, "काका, मंगळवारनंतर बरोबर म्हणतील." हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल, त्याचा हिशेब नाही. त्यानंतरचं मात्र कुणालाच सांगितलेलं नाही.

सोमवारी दुपारी चार वाजता शाळेचा पहारेकरी मला बोलवायला आला. ऑफिसात फोन आला होता. तू तेव्हा मागच्या आवारात मुलींबरोबर कपडे धूत होतीस. फोनवर तुझी आई होती. रोतिया, पुन्हा लिहितो, म्हणजे चुकीचं वाचलं असं तुला वाटायला नको. सोमवारी, चार वाजता, फोनवर तुझी आई होती. म्हणाल्या, "भाऊजी, सकाळी हे माडावरून पडले. गेले." मग अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "पोरीला आज रात्रीच्या विमानतळाच्या बसमध्ये बसवा. उद्याचं विमान मिळेल तिला. मी बुधवारपर्यंत थांबवते सगळ्यांना. त्यापुढे थांबवता येणार नाही, उकाडा आहे." मी म्हटलं, बसवतो. मी "बसवतो" म्हटलं, रोतिया. त्यांनी विनवणी केली नव्हती की माझं मत विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं आणि मी हो म्हटलं.

फोन ठेवून मी मागच्या आवारात आलो. तू ओल्या हातांनी मला विचारलंस, "कुणाचा होता?" आणि मी म्हणालो, "समितीचा. उद्याची वेळ बदलली नाही ना, ते विचारत होतो." असं खोटं बोलायचं मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण ते परत घ्यायला माझ्यापाशी सगळी संध्याकाळ होती. तू जेवलीस, मुलींशी पत्ते खेळलीस, दोनदा हरलीस, झोपायला गेलीस. बस गेली. मी मनाशी म्हणत राहिलो, देशासाठी. मग म्हणालो, पोरीच्या भल्यासाठी, एवढी वर्षं राबलीय. मग म्हणालो, बाउरोलाही हेच हवं असतं. यातलं एकही खरं नव्हतं. बावीस वर्षं मी मुलं घेऊन खेळांना जात होतो आणि रिकाम्या हातानं परतत होतो. स्वतः उचलत होतो तेव्हाही तीनदा गेलो आणि तीनदा वजन टाकून आलो. मला पदक हवं होतं. मला.

मंगळवारी दुपारी तू एकशे तीन किलो उचललंस. तिसरा, शेवटचा प्रयत्न. गुडघे थरथरले, डावं कोपर किंचित हललं आणि मग तू अशी स्थिर उभी राहिलीस, जशी जन्मापासून तिथेच उभी होतीस. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, पदक आपलं झालं. निवेदक म्हणाला, "किरिबास." तू व्यासपीठावरून धावत येऊन माझ्या गळ्यात पडलीस आणि म्हणालीस, "बाबांना फोन लावा!" त्याच दुपारी, हे मला नंतर कळलं, तुझी आई आपल्या इथल्या बोनरिकीच्या विमानतळावर कुंपणाला धरून उभी होती. विमान आलं. माणसं उतरली, पेट्या उतरल्या. सगळे गेल्यावर त्यांनी त्या सामान ओढणाऱ्या माणसाला विचारलं म्हणे, "आत अजून कुणी झोपलेलं राहिलं नाही ना?"

संध्याकाळी मी तुला बाजूला घेतलं आणि सांगितलं की घरून आत्ताच फोन आला होता. "आत्ताच" हा दुसरा खोटेपणा. पहिल्याहून वाईट. कारण पुढचं विमान थेट शुक्रवारचं होतं, बाबा सोमवारी सकाळीच पडले हे तुला घरी पोहोचल्यावर कळणारच होतं आणि मधला दीड दिवस कुणाच्या तरी नावावर लागणारच होता.

तो कुणाच्या नावावर लागला, ते तुला ठाऊक आहे. शुक्रवारी मी तुझी पिशवी घेऊन तुझ्या मागे उभा होतो. बुधवारी मूठमाती दिलेली, कबरीवरची पांढरी खडी अजून ओली होती. तू आईला विचारलंस, "सोमवारी गेले आणि मला मंगळवारी संध्याकाळी कळवलंस? का?" वहिनींनी तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी जमिनीकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "मीच ठरवलं. तुझा खेळ होता." आणि तू म्हणालीस, "बापाचं तोंड विकलंस त्या पितळेच्या तुकड्यासाठी." तेव्हा बोलायला मला एक श्वास पुरला असता. मी पिशवी खाली ठेवली आणि निघून गेलो.

महिन्याभरानं मी हिय्या करून त्यांच्याकडे गेलो. स्वतःवर का घेतलंत, म्हणून विचारलं. त्या चटईची वीण सोडवत होत्या, वर बघितलंही नाही. "तिचा बाप गेला," म्हणाल्या. "तुम्ही पण गेला असतात तर तिला उभं कोणी केलं असतं? आई काय, आईवर रागावतात पोरं. राग उतरतो." त्यांना वाटलं होतं, सहा महिन्यांत उतरेल. तू पुन्हा वजनाला हात लावला नाहीस आणि न्यूझीलंडला सफरचंदांच्या बागेत कामाला निघून गेलीस. जाताना आईचा निरोप घेतला नाहीस, माझा घेतलास. नाताळला माझ्यासाठी स्वेटर पाठवलास. इथल्या उकाड्यात तो घालून मी दिवसभर गावभर फिरलो. लोक हसले. मला घाम येत होता, तो येऊ दिला.

आता हे आजच का लिहितोय ते सांगतो. तू कळवलंस की तुला मुलगा झाला, इस्टरच्या रविवारी त्याचं नामकरण आहे आणि त्याचं नाव तू तिओती ठेवणार आहेस, "कारण बाबांनंतर माझ्याशी कधीच खोटं न बोललेला माणूस तुम्ही एकटेच." शिवाय, आईला कळवू नका, असंही. मी कळवलं. काल जाऊन सगळं सांगितलं, हे पत्र लिहिणार आहे तेही. आधी भडकल्या. "सहा वर्षं तोंड बंद ठेवलं, ते आता उघडायला?" मी म्हटलं, वहिनी, बाळाला माझं नाव देतेय ती. तेव्हा त्यांचे हात थांबले. मग विचारलं, "वजन किती होतं जन्मताना?" मी तुझं पत्र काढून वाचून दाखवलं, तीन किलो नऊशे. त्यांनी ओंजळीनं तोंड झाकून घेतलं आणि आतूनच म्हणाल्या, "लिहा. माझ्यासाठी नको. पोराला खोट्या माणसाचं नाव नको." त्यांच्याकडे फोन नाही, पण शेजारच्या दुकानात आहे, नंबर या पत्राच्या मागे लिहिलाय. दुपारी चार ते सहा त्या दुकानाच्या बाकावर बसणार आहेत. रोज, म्हणाल्या. माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाहीस तरी मी समजून घेईन. त्यांना फोन कर.

तुझाच म्हणण्याचा हक्क उरला असेल तर तुझाच,
तिओती