सरपंचाचं उष्टं

३ जानेवारी, येडगाव
आलो एकदाचा! धरणाचं पाणी, कोवळं ऊन, खोलीत स्वतंत्र नळ. आडगावाच्या मानाने चैनच. इथल्या केंद्रात मदाऱ्यांकडून सोडवलेली माकडं आहेत. गुळाच्या पाण्यात बुडवलेली सुती दोरी त्यांनी चघळायची, मी ती पिळून लाळ पुण्याला तपासायला पाठवायची. सुई नाही, जाळं नाही. माकडं सांभाळणाऱ्या हिराबाईंना सगळं फोड करून सांगितलं. डोक्यात किती शिरलं देव जाणे. थोराड नराचं नाव त्यांनी सरपंच ठेवलंय. गावाची लायकी कळली.

५ जानेवारी
एकही माकड दोरीला तोंड लावेना. हिराबाई म्हणाल्या, मालकानं उष्टं दिलं तरच ती खात्यात. मदारी पकडल्यावर एक तर भरल्या ताटापुढं मेलं व्हतं. ती खोड मोडाया लई दिस गेलं, सायेब, परत लावू नका. अडाण्यांचं ऐकत बसलो तर झालंच काम! मी दोरीचं टोक माकडांसमोर चघळलं, माझी लाळ मिसळू नये म्हणून तेवढं कापून टाकलं, उरलेली दिली. सगळी तुटून पडली. सरपंचाने स्वतःची दोरी चघळून माझ्यापुढे धरली. आगाऊ कुठला! ओढून घेतली. बोटांना गूळ लागला होता, तो सवयीने चाटला. मग आठवलं, ते त्याचं उष्टं. चूळ भरली, विषय संपला.

८ जानेवारी
घास तोंडात फिरतो, उतरत नाही. हिराबाईंची भाकरीच तसली. पेठेत जाऊन मिसळ मागवली, तीही थुंकली. डॉक्टर म्हणाला घसा ठणठणीत आहे. म्हणे डॉक्टर!

१० जानेवारी
नुसत्या पाण्यावर आहे. सरपंचाने अर्धं केळं खाऊन उरलेलं जाळीबाहेर ठेवलं. तोंडाला पाणी सुटलं — माझ्या. शी!

१२ जानेवारी
पुण्याला निघालो. वाटेत मंचरला चक्कर येऊन पडलो. परत आलो. पिंजऱ्यापाशी गेलो आणि — खाल्लं. पोटभर. हिराबाई बघत होत्या. बघू देत, त्यांना काय कळतंय.

१५ जानेवारी
आता रोज तो आधी, मग मी. भीती वाटते. घरी काय सांगू —

१७ जानेवारी
लाळेचा निकाल आला. सरपंचाची मूत्रपिंडं गेलीत. फार दिवस नाहीत — दुसऱ्या माकडांचं उष्टं खाऊन पाहिलं. उतरत नाही. एकाचंही —

१९ जानेवारी
तो अन्नाला शिवत नाही. हिराबाईंच्या पाया पडलो. त्यांनी भाकरी कुस्करून त्याच्या ओठांना लावली. तोंड फिरवलं त्याने —

२०
अहो सरपंच, एवढा एक घास तरी घ्या, मी तुमच्या —