पक्कं घर, नळ आत

अंबरनाथ, रवि. १० जाने. ५४
परवा बोटीवर हजर व्हायचं. सकाळी देवीबाई आली, निर्वासितांच्या कॅम्प तीनहून चालत, पापडाचा डबा डोक्यावर. आज विकायला नव्हती आली. सुलभाने तिला सांगून टाकलंय, आमचे हे बोटीवर इंजिनिअर, यंदा वेस्ट इंडीजकडे जाणार. (चौथा इंजिनिअर, हे नाही सांगितलं.) देवीबाईचा मुलगा गोप तिकडेच, कुरासाव बेटावर, एका सिंधी शेठच्या कापडदुकानात. फाळणीच्या आधीपासून. बाप कॅम्पात वारला तेव्हाही येता आलं नाही त्याला.
त्याच्यासाठी पापडांचं पुडकं दिलं. जाताना म्हणाली, "उसको बैरक मत बोलना, अदा. पक्का घर है बोलना. परदेस में लड़का रोएगा."
अदा म्हणजे त्यांच्यात भाऊ. बोलतो म्हटलं. त्यात काय.

विलेमस्टाड, शुक्र. ५ मार्च
तेल भरून लगेच निघणार होतो. बॉयलरची नळी गेली. सोमवारपर्यंत मुक्काम. सगळे खूश, मीही.
कुरासावची राजधानी ही. जुनं डच गाव, बंदर थेट त्याच्या पोटात शिरलेलं. दोन्ही काठांना पिवळी, निळी, तांबडी घरं. मधे होड्यांवर तरंगणारा लाकडी पूल. आमची बोट आली तेव्हा अख्खा पूल दार उघडावं तसा बाजूला सरला. असं काही बघितलं नव्हतं.
पलीकडच्या काठावर गोपचं दुकान, लगेच सापडलं. तिशीतला, किडकिडीत, आईचंच नाक. गिऱ्हाइकं उभी असताना पुडकं हुंगलं. मग मागच्या खोलीत गेला, तोंड धुऊन आला. रविवारी शेठची मोटर मागणार, सगळं गाव दाखवणार.

रवि. ७ मार्च
दिवसभर मोटर. किल्ल्यातल्या चर्चच्या भिंतीत तोफेचा गोळा रुतलेला, अजून तसाच. मग ज्यूंचं जुनं देऊळ, रखवालदाराने उघडून दाखवलं. जमिनीवर सगळी वाळू, पावलांचा आवाजच नाही. गोप म्हणाला, हेही देश सोडून आलेले लोक.
बाहेर येऊन मोटरीजवळ विचारलं त्याने. शेठ नवा करार देतोय, पाच वर्षांचा. उद्या सही.
"चिट्ठी में तो सब अच्छा ही लिखवाती है. आपने आँख से देखा है. अम्मां को मेरी ज़रूरत हो तो मैं सही नहीं करता. अगली बोट से आता हूँ."
पक्कं घर आहे म्हणालो. दोन खोल्या. तिथेच थांबायला हवं होतं. नळ आत आहे, हेही म्हणालो. अंगणात शेवगा आहे. बहीण, कमला, शाळेत जाते. हे कुणी सांगायला सांगितलं होतं?
खरं म्हणजे लष्कराची बरॅक. गोणपाटाचे पडदे, एकेका पडद्याआड एकेक कुटुंब. नळाला रांग. कमला दिवसभर पापड लाटते. आणि देवीबाईचा तो खोकला.
गोप हसला, माझ्या पाठीवर थाप मारली, आम्ही समुद्रावर गेलो. मासे, थंड बिअर. मजा आली. मजा आली हेच –
खरं सांगितलं असतं तर तो रडत बसला असता आणि माझा दिवस गेला असता. कारण हे. देवीबाईला दिलेला शब्द मला संध्याकाळी आठवला.

सोम. ८ मार्च
दुपारपर्यंत सुट्टी होती. ठरवून निघालो, गोपला सांगायचंच. पूल उघडलेला, टँकर आत येत होता. अशा वेळी फेरीबोट असते, फुकट. नाही चढलो. ह्याच काठावर उभा राहून पुलाचे फोटो काढले. पूल जुळला तेव्हा रोल संपला होता. परत फिरलो.
दुपारी गोप धक्क्यावर आला. आईसाठी फुलांचं रेशमी कापड. "सही कर दी. आप आए, मन हल्का हो गया." वाकून पायाला हात लावला. पाय मागे घ्यायचं सुचलं नाही.

बोटीवर, शुक्र. १२ मार्च
कापड ट्रंकेत तळाशी घातलं. शर्ट काढायला गेलं की हाताला लागतं.

अंबरनाथ, रवि. २३ मे
गुरुवारी घरी आलो. शेजारीपाजारी जमले, फोटो बघितले. पूल फार आवडला सगळ्यांना. मीही रंगवून सांगितलं.
सुलभा म्हणाली, देवीबाई दोनदा विचारून गेली, कॅम्पात जाऊन या. अंग मोडून आलंय म्हटलं.

गुरु. २७ मे
तीच आली. कापड दिलं, उलगडलं नाही, मांडीवर ठेवलं.
"कब आएगा बोला?"
करार झाला म्हणालो. पाच साल.
"आपने पक्का घर बोला?"
"बोला."
"अच्छा किया."
पाणी प्यायली. खोकत राहिली. उंबऱ्याशी डबा डोक्यावर घेताना, माझ्याकडे न बघता, "मैंने मना किया था. फिर भी लगता था, आप बोल देंगे."
सुलभाने आतून सगळं ऐकलं. जेवायला मात्र नेहमीसारखं वाढलं.

मंगळ. १ जून
गोपला लिहिलं. गोणपाट, रांग, खोकला. शेवगा नाही, शाळा नाही. मी खोटं बोललो, का बोललो, तेही. आत्ताच स्टेशनच्या पेटीत टाकून आलो. हलकं वाटत होतं.
सुलभा तांदूळ निवडत होती. तिला सांगितलं.
"देवीबाईला विचारलंत?"
"नाही."
"म्हणजे ह्याही वेळी तुम्हीच ठरवलंत."
पेटी संध्याकाळी उघडतात. कॅम्पात जाऊन तिला विचारून यायला वेळ आहे. नको म्हणाली तर पत्र परत दे म्हणून पोस्टमनच्या हातापाया पडेन.
आणि हो म्हणाली तर? तो करार मोडून येईल का, त्याला मोडता तरी येतो का, हे कुठे विचारलं मी.
चपला घातल्यात. अजून घरातच आहे.