शाळा रस्त्याच्या पलीकडे

माय, तुला पत्र लिहायचं म्हणजे तसा वेडेपणाच. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, आणि तू जाऊनही आता एक जन्म उलटला. मी खाटेवर बसून सांगून राहिली आणि नात खाली फरशीवर बसून लिहून राहिली. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. म्हटलं, अशानं माझी माय मला ओळखणार नाही वं. तर म्हणते, आजी, तुझ्यासारखं लिहिलं तर मार्क कापतात. आता आपल्या मायलेकींच्या मधातही मार्क आले, पाहा.

तुझा चेहरा मला धड आठवत नाही. हात आठवतो. तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं, आणि रस्त्याच्या मधोमध वर केलेला तो हात. कामठी रोडच्या अलीकडे आपली वस्ती, पलीकडे शाळा, आणि मधून कन्हानकडून येणारे खाणीचे ट्रक, टांगे, सायकली. शाळेची घंटा व्हायच्या आधी तू विड्या वळायचं सूप घेऊन निंबाखाली येऊन बसायची. मी तुझ्या बाजूला, पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून त्याच्या मापानं पानं कातरत. पोरं जमली की सूप माझ्या मांडीवर यायचं, तू पदर खोचायची आणि रस्त्यात उतरायची. तू पळत नव्हती, पोरांनाही पळू देत नव्हती. हात वर करून ट्रकवाल्याच्या डोळ्यात डोळा घालायची, आणि तो ब्रेक दाबेपर्यंत काढायची नाही. डोळ्याला डोळा भिडला की माणूस माणसावर गाडी घालत नाही, हे तुझं शास्त्र. तुझा डोळा माझ्या बापाला कधी पेलला नाही, तिथे ट्रकवाले कोण लागून गेले.

पोरं सगळी पलीकडे पोहोचायची. शेवटचं पोर फाटकातून आत जायचं. तरी तुझा हात वरच. मोकळ्या रस्त्यात तू आणखी कोणाला तरी वाट करून देऊन राहिली असायची. ट्रक थांबलेला, टांग्याचा घोडा मान हलवून राहिला, आणि कोणी हॉर्न वाजवत नाही. एखादा नवीन ड्रायव्हर वाजवायचा, तर मागचा टांगेवाला खाली उतरून त्याच्या कानात काहीतरी सांगायचा, मग तोही गप. माझा मोठा दादा त्याच जागी ट्रकखाली गेला होता, शाळा सुटून घरी येताना. त्याला किती वेळ लागतो पलीकडे जायला, हे तुलाच माहीत. तेवढा वेळ झाला की हात खाली यायचा, तू येऊन बसायची आणि विचारायची, किती कातरली वं पानं? मी पानं दाखवायची. रस्त्याकडे पाहायची मला हिंमत होत नव्हती. वाटायचं, पाहिलं आणि खरंच कोणी दिसलं तर.

धम्मदीक्षेनंतरची वर्षं होती ती. आपल्या वस्तीत पोर शाळेत न घालणं म्हणजे माणसात तोंड दाखवायची सोय नव्हती. ज्यांच्या घरी एक वेळची चूल पेटत होती तेही पोरांच्या हाती पाटी देऊन राहिले होते. माझं शाळेचं वय झालं तशी समाजाची मोठी माणसं आपल्या घरी आली. तुला समजावलं, रागावले, पुन्हा समजावलं. तू चहा केला, सगळ्यांच्या हाती दिला आणि मग बोलली. "शिकणारं एक पोर गेलं माझं. हे बिनशिकलेलं राहू द्या." चहा तसाच ठेवून ते उठले. पुन्हा कोणी आलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांची पोरं तू हात वर करून शाळेत पोहोचवली. जगाची पोरं पलीकडे, तुझं तेवढं अलीकडे, निंबाखाली. पोरी मला विचारायच्या, तू काहून येत नाही वं शाळेत? मी म्हणायची, मास्तर लय मारतो म्हणून. पुढे हेच नवऱ्याला सांगितलं, लेकाला सांगितलं, सुनेला सांगितलं. सगळे हसले. मोठी गमतीची बाई म्हणून माझं जे नाव झालं ना, ते इथून.

आता लेकानं शहराच्या कडेला, बेस्यात फ्लॅट घेतला. समोर सिमेंटचा रस्ता, इतका गुळगुळीत की त्यावर पोळी लाटावी. रस्त्याच्या पलीकडे नातीची शाळा. मला वाटते आपल्या घराण्याला शाळा अलीकडे मिळायचीच नाही. पांढरे पट्टे मारले होते मध्ये, ते चाकांनीच पुसून नेले. लेक-सून सकाळीच ड्युटीवर निघतात, म्हणून पोरीला सोडायचं काम माझ्याकडे. लेक म्हणत होता, आई, ऑटो लावून देतो. मी म्हटलं, ऑटोवाल्याला काय येते? ज्या बाईनं ट्रक थांबवले तिची मी लेक. आणि पोरीला मी तुझं शास्त्र शिकवलं. पळायचं नाही, हात वर, डोळ्यात डोळा.

त्या दिवशी डिव्हायडरपाशी माझा गुडघा धरला. पोरगी म्हणाली, आजी, तू ये हळूहळू, आणि पुढे झाली. मी सांगितलं होतं तसंच सगळं केलं तिनं. हात वर केला, मान ताठ, एका मोठ्या पांढऱ्या गाडीकडे पाहत उभी राहिली. गाडी थांबली नाही. मला वाटते तिचा वेगही कमी झाला नाही. मी ओरडली की नाही ते मला माहीत नाही. बाजूला भाजीचा ठेला घेऊन एक माणूस चालला होता, त्यानं दप्तराला धरून तिला मागे ओढलं. पाण्याची बाटली तिच्या खांद्यावरून सुटून चाकाखाली गेली. तो माणूस मलाच रागावला, म्हातारे, लेकराला असं रस्त्यात सोडते काय? बरोबर होतं त्याचं. पोरगी रडली नाही. तिचा हात अजून वरच होता, माय. मी तो खाली केला, तर थंडगार होता, आणि मला क्षणभर कळेना की मी कोणाचा हात धरला. मग ती म्हणाली, "आजी, मी पाहिलं त्याच्या डोळ्यात. डोळेच नव्हते. काळ्या काचेत मले मीच दिसली."

तुझ्या वेळी ट्रकवाला उघडा बसायचा. त्याला तू दिसायची, तुला तो. काचेआडच्या माणसाशी कशी नजर भिडवायची ते तू मला शिकवलं नाही, आणि मीही विचार केला नाही. जे मेलेल्या मायनं सांगितलं ते खरंच असणार, एवढंच धरून चालली.

त्यानंतर मी पोरीला शाळेत पाठवलं नाही. लेकाला सांगितलं, अंग गरम आहे. दुसऱ्या दिवशी पोट दुखते म्हटलं. तो काही बुद्धू नाही. रात्री जेवताना विचारलं, आई, काय चालू आहे तुझं? मी भात वाढून राहिली होती. म्हटलं, "नाही शिकली तर काय अडते? मी नाही जगली काय?"

चमचा माझ्या हातातच राहिला. आवाज माझा होता, पण बोलणं माझं नव्हतं. तू माझ्या घरात, माझ्या ताटांमध्ये येऊन बसली होती आणि पोरीची शाळा बंद करून राहिली होती. लेकानं घास खाली ठेवला, सून ताटाकडे पाहत बसली. पोरीनंच विचारलं. "आजी, तुझ्या मायनं तुले घरी ठेवलं. मग तुले बरं वाटलं काय?" माझ्या तोंडात मास्तर आलाच होता. ते सगळ्यांना हसवणारं उत्तर. पण पोरगी हसायला तयार नव्हती. मी उठून पाण्याचा ग्लास भरायला गेली आणि तो भरलेलाच होता.

सकाळी मी तिची वेणी घातली. गाठ दोनदा सुटली, म्हणजे मीच सोडली. मग निघालो. आता आम्ही रस्त्यानं जरा खाली, किराणा दुकानापाशी जातो. तिथे ब्रेकर आहे, गाड्यांना हळू व्हावंच लागते. शाळेची आणखी पोरं तिथे जमतात, सगळी मिळून निघतात. शास्त्रही बदललं, ते पोरीनंच बदललं. माणसाकडे पाहायचं नाही, चाकाकडे पाहायचं. चाक थांबलं की पाऊल टाकायचं, तोवर नाही. पहिल्या दिवशी तिनं माझा हात सोडवून घेतला आणि म्हणाली, तुझा गुडघा दुखते, तू इथंच थांब. मी थांबली. ती फाटकात जाईपर्यंत मी एकेका चाकाकडे पाहत राहिली. रोज सकाळी वाटते, आजचा दिवस राहू द्यावं. रोज वेणी घालते.

एवढं सांगून झालं तर नात विचारते, पत्ता काय टाकू? म्हटलं, काही टाकू नको, पाठवायचं नाही हे. फक्त आणखी एक ओळ लिही. माय, तू मला घरी ठेवलं, त्याचा मला कधी राग आला नाही. तिनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकून बरं वाटलं नाही. म्हटलं, खोड ते. तिनं खोडलं. मग काय लिहू, म्हणाली. म्हटलं, लिही, आला होता. तुला खांद्यावरून नेलं त्या दिवशीही होता. मागे मी हिला घरात कोंडून ठेवलं, तेव्हापासून जरासा कमी आहे.