लाल फडक्याची पिशवी

फुलसावंगी, ता. महागाव
२७ नोव्हेंबर २००५

चि. उर्वशीस विमलआत्याचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझा घसा कसा आहे? होस्टेलच्या पाण्यानं धरला होता तो सुटला का? तुझ्या खोलीतल्या गौरीचा ताप उतरला का? तिला म्हणावं, चार दिवस ज्वारीची आंबील पी. ज्या मॅडमनी तुला या आरोग्याच्या कामात घेतलं, त्यांचे गुडघे काय म्हणतात? इकडे तुझे बाबा बरे आहेत. खोकला आहे, पण बिडीही आहे, दोघांचं जमतं. तुझ्या आईची बोटं बोंडांनी ओरखडली आहेत, बाकी ती ठणठणीत. शेजारची नलू बरी, तिची म्हैसही बरी. माझं विचारशील तर तीच कंबर. कंबर आहे म्हणून दुखते, नसती तर कशी दुखली असती?

तुझं पत्र गुरुवारी आलं. एकदा ओट्यावर वाचलं, एकदा मशीनपाशी. "आत्या, आपल्याच गावातल्या बाया मला हसल्या. एकीनंही काही विचारलं नाही. पुढच्या बैठकीत मी मॅडमना बिल्ला परत देते, हे काम माझ्यानं होणार नाही." वाचून जिवाला लागलं. देवीलालच्या दुकानातून फोन करणार होते, पण त्या रुपयाच्या डब्याभोवती अर्धं गाव कान टवकारून उभं असतं. आणि मला जे सांगायचं आहे ते डब्यात बोलायचं नाही. म्हणून पत्र.

पोरी, तू नाव दिलंस तो दिवस आठव. तू लिहिलं होतंस, विद्यापीठात मुलामुलींनीच आपल्या बरोबरीच्यांना आरोग्याचं समजावायचं, पगार नाही, नुसता बिल्ला. तुझे बाबा तडकले, "पगार नाही त कायले मरमर?" मी म्हटलं, "नागोराव, तू भीमगीताच्या मंडळात ढोलकी बडवतो, त्याचा काय पगार भेटते तुले?"

मी शाळेत गेले नाही हे तुला ठाऊक आहे. पोलक्याचं कटिंग करायला जुने पेपर घ्यायची, त्यातूनच अक्षरं उचलली. काखेच्या गोलाईत बातमी कापली जायची, म्हणून मला अजून कितीक बातम्यांचा शेवट माहीत नाही. आणि आमची उर्वशी शंभर पोरींपुढं उभी राहून अंगात रक्त कमी का होतं ते सांगते! लहानपणी पाहुणे आले की पलंगाखाली शिरणारी तू. पहिल्या वेळी होस्टेलच्या पोरींनी उशीत तोंडं खुपसली, आणि पुढच्या हप्त्यात त्यातल्याच दोघी नळावर तुला गाठून विचारायला लागल्या, हे तूच लिहिलं होतंस ना? मी ते पत्र नलूला वाचून दाखवलं होतं. इतकी फुगले होते की माझंच पोलकं मला तंग झालं असतं.

मग तुझं चित्र आलं. "आत्या, शिकवायला कापडाची गर्भपिशवी शिवून दे." मी अस्तराचं लाल फडकं शोधलं, आत कापूस भरला, चार पट्ट्या लावून ती एका मोठ्या झोळीत टांगली. पण मी पडले शिलाईवाली. नवीन कापड आधी कच्च्या टाक्यावर ठेवायचं, घालून पाहिलं की मग मशीन मारायची, ही हाताची सवय. ही पिशवी घालून पाहायला कोणी येणार नाही, हे डोक्यातच आलं नाही, आणि पट्ट्या कच्च्या टाक्यावरच राहिल्या!

आणि तू गावी आलीस, विहारात बाया जमवून पिशवी वर धरून म्हणालीस, "मावशी, पहा, ह्या पट्ट्या तिले जागेवर धरून ठेवतात..." आणि पट्ट्या सुटल्या. पिशवी तुझ्या पायावर. काय हशा पिकला! नलू म्हणाली, "अवं विमलताई, अशी शिलाई? मायं पोलकं पाहाच लागते आता!" सगळ्यात मोठ्यानं मी हसले, ते तुला लागलं असेल. तू पुढचं भराभर सांगितलंस, आतल्या पट्ट्या ढिल्या पडून पिशवी खाली येते, याला उपाय आहे म्हणालीस, आणि सकाळी पुसदच्या एसटीत बसलीस.

पुढचं तुला माहीत नाही.

तू गेलीस त्याच दुपारी नलू माप द्यायला आली. मी म्हटलं, "तुयं माप त मले तोंडपाठ आहे." तरी ती पडद्याआड शिरली आणि हळूच म्हणाली, "ताई, काल ते पडलं ना, तसंच मायं होते. कापसाची ओटी कमरेले भरली की अंग बाहेर येते. मले वाटे, मायंच असं."

मग तांड्यावरची भावसिंगची आई आली. ती जन्मभर स्वतः शिवलेली, आरशांची कांचळी घालणारी बाई, तिला म्हणे पोलकं पाहिजे. पडद्याआड जाऊन विचारते काय, "बाई, खाली आलेलं पुन्हा वर बसते का?"

तेव्हापासून रोज कोणी ना कोणी येतं. मी मापं घेते, शिवायला कापड मात्र कोणीच आणत नाही. तू सांगितलेलं मी सांगते, की हा शाप नाही, म्हातारपण नाही, दुखणं आहे. व्यायाम आहे, आत बसवायची कडी आहे, लागलं तर ऑपरेशन. पण त्या पुढं विचारतात. कडी टोचते का? ती घालून वावरात जाता येतं का? नवऱ्याला सांगावंच लागतं का? तिथं माझी कात्री अडते. हे तुलाच सांगावं लागेल.

त्या तुला हसल्या नाहीत गं. जिनं तिनं आपलं झाकलेलं तिथं पडलेलं पाहिलं, आणि बाजूचीला कळू नये म्हणून हसली.

सगळ्यात मोठ्यानं मी हसले, ते का, आता सांगते. चार ओळी लिहून थांबले होते, चहा करून आले.

माझी कंबर दुखत नाही, उर्वशी. माझ्या प्रफुल्लच्या बाळंतपणात, अंग ओलं असतानाच मी कापूस वेचायला गेले. तेव्हापासून माझंही अंग बाहेर येतं. कापडाची घडी बांधून दिवस काढले. लोक म्हणतात, विमलला मशीनचा नाद म्हणून तिनं वावर सोडलं. नाद होताच, पण वावर सुटलं ते ह्यानं. माझे मालक, तुझे मामाजी, गेले, त्यांनाही कळलं नाही. नलूनं विचारलं, "ताई, तुले हे एवढं कसं समजते?" मी म्हटलं, "उर्वशीनं शिकवलं." ते अर्धंच खरं होतं.

तू म्हणायचीस, बरोबरीच्या माणसापाशी माणूस बोलतो. तू वीस वर्षांची, मी पन्नाशी ओलांडलेली, पण आज तुला लिहिताना मला तू माझ्या बरोबरीची वाटलीस. बिल्ला परत देऊ नको, माय.

नाताळच्या सुटीत ये. पट्ट्यांवर मी दुहेरी मशीन मारली आहे, आता बैलानं ओढली तरी सुटणार नाही. नलू आणि भावसिंगची आई पुसदच्या डॉक्टरीणबाईकडे यायला तयार आहेत, पण आधी आत कोण जाणार यावर दोघींचं अडलं आहे. मी सांगून टाकलं, आधी मी जाते. त्या मला पाहतच राहिल्या. इतक्या वर्षांत माझा पडदा दुसऱ्यांसाठीच होता. तिथं मी पडद्याआड जाईन तेव्हा बाहेर तू उभी पाहिजेस.

कोणत्या दिवशी येतेस ते लगेच लिही, तोवर मला टाका सुचणार नाही. आणि पुढच्या पत्रात माझी कंबर विचारू नको. खरं काय ते विचार.

तुझी, आत जायला पहिला नंबर लावलेली,
विमलआत्या