गाडी खाली उभी आहे

दि. ३ जून

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या कानाचं यंत्र पुन्हा रुसल्याचं वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगू का, थोडं बरंही वाटलं. आता फोनचा प्रश्नच मिटला, पत्रच लिहावं लागणार. या घरात फोनवर बोललं की भिंतींना कान फुटतात. पत्राला तो त्रास नाही.

बातमी अशी की माझी गाडी विकायची ठरली आहे. ठरली म्हणजे चिरंजीवांनी ठरवली आणि मला कळवली. ज्या गाडीवर मी अर्ध्या गावच्या बायकांना क्लच सोडायला शिकवलं, ती मी इथे राहायला आल्यापासून तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी आहे. किल्ली त्याच्याकडे. या वयात, या रहदारीत नको, म्हणतो. चढावर गाडी मागे घसरवून जो परीक्षेत नापास झाला होता, तो आता मला रहदारी समजावतो!

सातव्या मजल्यावरून रस्ता दिसतो, पण तिथवर जाता येत नाही. बसचा थांबा फाटकापासून लांब, आणि माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. सूनबाई कामावर, नात शाळेत. दिवसभर मी आणि भिंतीवरचं घड्याळ. गाडी चालवत नव्हते हे खरं, पण खाली उभी आहे एवढाच आधार होता. वाटलंच तर निघता येईल, असं मनाला सांगायची. आता तेही जाणार.

जाहिरातीत नंबर माझा दिला आहे, कारण मी घरी रिकामी. पहिलाच फोन एका गोडबोल्याचा. लांब कुठे बदली झाली आहे, गाडी बघायचीही गरज नाही, फोटोवरच पसंत आहे म्हणाला. इसार पाठवतो म्हणून त्याने फोनवर एक चौकटी-चौकटींचं चित्र धाडलं. ते स्कॅन करा, आपला गुप्त आकडा टाका, की पैसे तुमच्याकडे जमा. मी म्हटलं, मला असलं काही येत नाही, पैशांचं सगळं मुलगाच बघतो. तर आत्ताच करा, दुसरं गिऱ्हाईक आहे, म्हणून मागे लागला. मी फोन ठेवला.

तू जन्मभर बँकेच्या खिडकीत बसलास. मला नीट सांग, मी कशाकशाला जपू?

उताराला लागलेल्या बहिणीवर माया असू दे.
तुझी,
ठमी

*

दि. ९ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

फोन ठेवलास, शाबास. पैसे घ्यायला गुप्त आकडा लागत नाही, द्यायला लागतो. त्या गोडबोल्याने तुझंच खातं धुऊन नेलं असतं. एवढी एक गोष्ट लोकांनी लक्षात ठेवली असती, तर माझ्या खिडकीसमोर निम्मी माणसं रडली नसती.

आता ऐक. कुणी फोन दाखवून पैसे पाठवले म्हणेल, तर तो फोन त्याचा आहे, पैसे तुझे नाहीत. मेसेज आला तरी तो खरा मानू नकोस, मेसेज कुणीही धाडतं. खात्यात रक्कम आली असं बँकेने सांगितलं की ती आली. गाडी ज्याच्या नावावर, पैसे त्याच्याच खात्यात, मधल्या कुणाच्या नाही. कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही, समोर साक्षात देव उभा असला तरी. गाडी चालवून बघायला एकट्याला द्यायची नाही, शेजारी तू बस. सगळ्यात चांगलं म्हणजे भर दिवसा गिऱ्हाइकाला घेऊन बँकेत जा आणि तिथेच व्यवहार उरक. आणि जो घाई करतो आणि विश्वासाची भाषा करतो, त्याला पाणी देऊन वाटेला लाव. खऱ्या गिऱ्हाइकाला विश्वास मागावा लागत नाही.

माझं म्हणशील तर बरं आहे. लेकीच्या घरी दिवाणखान्यातला पलंग माझा. पाहुणे आले की मी उठून बसतो, गेले की आडवा होतो. जावईबापू चांगले आहेत.

तू जपून राहा, आणि म्हाताऱ्या भावाला विसरू नकोस.
दादा

*

दि. १७ जून

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या शिकवणीची परीक्षा झाली आणि मी पास झाले! काल एक गृहस्थ आले. कडक इस्त्री, पॉलिश केलेले बूट, तोंडात साखर. गाडीचे फोटो बघितले, खाली जाऊन बघायलाही नको म्हणाले, घासाघीस न करता किंमत कबूल केली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. वापरलेली गाडी घेताना घासाघीस न करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. इथेच सोफ्यावर बसून त्यांनी फोनवर बोटं फिरवली आणि पैसे गेले म्हणून दाखवलं. मागोमाग माझ्या फोनवर मेसेज वाजला. बँकेचं नाव, रक्कम, सगळं जिथल्या तिथे.

हात गाडीच्या कागदांकडे गेलाच होता, तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. बँकेत माझा नंबर मुळी नाहीच, चिरंजीवाचा आहे. बँकेचा मेसेज आला तर तो त्याच्या फोनवर येईल, माझ्या कसा येईल? मी त्यांना म्हटलं, बसा, चहा घ्या, मुलाला विचारते. ते म्हणाले, काकू, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का, मला गाडीची निकड आहे. तू लिहिलेली दोन्ही लक्षणं एकाच वाक्यात आली बघ! मी मुलाला फोन लावला, तर त्याने पहिल्याच रिंगला उचलला. काही आलेलं नाही म्हणाला. एवढ्यात गृहस्थांना दुसरं काम आठवलं. चहा तसाच राहिला.

रात्री जेवताना मी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. नात टाळ्या पिटत होती. चिरंजीव मात्र हसला नाही. गाडी विकली गेली नाही याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. आधी मला बरंच वाटत होतं, आणखी थोडे दिवस ती खाली उभी राहील म्हणून. पण त्याचं तोंड बघून मी ताट तसंच उचललं.

सांभाळून घेणाऱ्या दादाची,
ठमी

*

दि. २२ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लेकीला वाचून दाखवलं, जावयांना वाचून दाखवलं. तुला बँकेत नोकरी द्यायला हवी होती.

पण एक खुपतंय. खातं तुझं, पेन्शन तुझी, मग नंबर त्याचा का? कुणी आणि कधी लावला? तुझ्या खात्यात काय येतं आणि काय जातं, हे तुला कधी कळतं? रागावू नकोस. विचारायची सवय जडली आहे.

उत्तराची वाट बघणारा,
दादा

*

दि. २९ जून

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

नंबर त्यानेच लावला, मी इथे आले तेव्हा. तुला कशाला कटकट, म्हणाला. मलाही हायसं वाटलं होतं. काय येतं आणि काय जातं, ते मला कळत नाही. तू विचारलंस तेव्हा लक्षात आलं की मी कधी विचारलंच नाही.

आता पुढचं लिहायला हात जड झाला आहे. रविवारी तो माझ्या खोलीत कागद घेऊन आला. मालकी बदलायचे फॉर्म. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी, रकमेची कोरी. खाली पेन्सिलीने फुल्या मारलेल्या, तिथे सही कर म्हणाला. एका दलालाशी बोलणं झालंय, तो गाडी लगेच उचलेल. पैसे तो माझ्या खात्यात टाकेल, तुझ्या खात्याचा उगाच घोळ नको. मी विचारलं, घाई कसली? तर म्हणाला, आई, माझ्यावर विश्वास नाही का?

दादा, तू सांगितलेलं सगळं मी परक्यांसाठी पाठ केलं होतं. ते बसलं माझ्या पोटच्या पोरावर. चष्मा सापडत नाही म्हणाले आणि कागद उशीखाली ठेवले. चष्मा माझ्या डोक्यावरच होता. त्याला तो दिसत होता, आणि त्याला दिसतोय हे मला दिसत होतं.

तेव्हापासून घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. सूनबाईला यातलं काही ठाऊक नसावं, ती आपली विचारते, आई, बरं नाही का. काय सांगू? त्याचं घर, त्याचं अन्न. सही केली तर गाडीही गेली आणि पैसाही गेला, मग मला कधी निघावंसं वाटलं तर कशाच्या जोरावर निघू? नाही केली तर याच घरात रोज त्याचं तोंड बघायचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये सातवा मजला.

दुसरी किल्ली माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. त्याला ती आठवत नसावी.

तुझी,
ठमी

*

दि. १ जुलै

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल पोटात घालावी. आईच्या डोक्यात तुम्ही काय भरवलंत? ती माझ्याकडे चोर असल्यासारखी बघते. लहानपणापासून तुम्ही मला ओळखता. मी तिला फसवेन असं तुम्हाला खरंच वाटतं?

घराचे हप्ते आहेत. काही गोष्टी पत्रात लिहिता येत नाहीत आणि घरात बोलता येत नाहीत. गाडी या महिन्यात विकली गेली पाहिजे, एवढंच समजा. तिला सही करायला सांगा. तुमचं ती ऐकते.

कृपा करून उत्तर घरी पाठवू नका. ऑफिसच्या पत्त्यावर तर मुळीच नको. आमच्या फाटकावरच्या वॉचमनच्या नावे पाठवा, तो मला देईल.

आपल्या आशीर्वादाची गरज असलेला,
आपला भाचा

*

दि. ६ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

भाच्याचं पत्र आलं. तुला सांगू नये असा त्याचा रोख आहे, पण मी म्हातारा झालो, माझ्या पोटात गोष्टी राहत नाहीत. रागाने लिहिलंय. पण ठमे, मी लबाड माणसं आयुष्यभर बघितली. ती रागावत नाहीत, ती गोड होतात. याला काहीतरी झालंय. काय ते मला कळत नाही, आणि इतक्या लांबून कान असते तरी ऐकू आलं नसतं.

तरीही सही करू नकोस. त्याला मदत करायची तर उघड्या डोळ्यांनी कर, स्वतःच्या हाताने दे. कोऱ्या कागदावर दिलेली मदत ही मदत नव्हे. खरं गिऱ्हाईक शोध, दिवसा बँकेत जा, पैसे तुझ्या खात्यात घे, आणि त्याच खेपेला नंबरही बदलून घे. त्याला आधी सांगू नकोस. हे लिहिताना मला चांगलं वाटत नाही.

माझ्याकडे ये म्हणालो असतो. पण पलंग एकच, आणि तोही दिवाणखान्यात. तुला ये म्हणता येत नाही, याची लाज वाटते.

तुझा,
दादा

*

दि. १५ जुलै

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

गाडी विकली. सगळं सांगते, पण क्रमाने सांगू दे, नाहीतर मध्येच रडू येईल.

बाळंतपणं करणारी एक नर्स फोनवर भेटली. रात्री-अपरात्री बोलावणी येतात, म्हणून गाडी हवी. तिने टायर किती झिजले ते विचारलं, इंजिनाचा आवाज ऐकायचाय म्हणाली, आणि किंमत इतकी पाडली की मला भरवसा वाटला. पैसे बँकेतच देते, असं ती आपणहून म्हणाली. मी तिला गेल्या मंगळवारी सकाळी अकराला बोलावलं. घरात कुणी नसतं तेव्हा. स्वतःच्या घरात चोरासारखी कागद पिशवीत घालून, डब्यातली किल्ली घेऊन, तिला लिफ्टने तळघरात नेलं.

गाडीच्या काचा आतून धुरकट झाल्या होत्या. ड्रायव्हरच्या जागेवर कुणीतरी बसलं होतं. मला वाटलं, चोर. त्या नर्सने माझा दंड धरला. मी मूठ आवळून काच वाजवली. काच खाली झाली, आणि आत आपला चिरंजीव. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, बूट काढून ठेवलेले, मांडीवर सूनबाईने सकाळी भरून दिलेला डबा. घास हातातच राहिला.

दादा, तेवढ्यात मला सगळं कळलं. पहिल्या रिंगला उचललेला फोन कळला. फेब्रुवारीत नोकरी गेली. तेव्हापासून रोज वेळेवर निघतो, लिफ्टने तळघरात उतरतो आणि संध्याकाळपर्यंत माझ्या गाडीत बसून राहतो. मी वर अडकलेली आणि हा खाली, मध्ये सात मजले. आणि आम्ही एकमेकांना चोर समजत होतो.

त्या बाईसमोर काय बोलणार? मी म्हटलं, हा माझा मुलगा, गाडी पुसून ठेवायला आज रजा घेऊन आला आहे. त्याने मान डोलावली, बूट चढवले आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. गाडी मी चालवली. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा. एकदाही बंद पडू दिली नाही.

बँकेत पैसे जमा झाल्याचा मेसेज त्याच्या खिशात वाजला. त्याने न बघता फोन माझ्यापुढे धरला. मी आल्याआल्या दिलेला अर्ज बघून खिडकीतल्या मुलीने विचारलं, नंबर बदलायचा ना? मी त्याच्याकडे बघितलं. वाटलं, राहू दे, पोराला अजून किती उघडं पाडू. पण मग तुझं पत्र आठवलं आणि मी हो म्हटलं. तो म्हणाला, बदल, आई, हिवाळ्यापासून तुझ्या पेन्शनीतून घराचे दोन हप्ते गेलेत. मान खाली घालून, पण स्वतःच्या तोंडाने म्हणाला. मी त्या मुलीसमोर रडले.

या महिन्याचा हप्ता मी भरला, माझ्या खात्यातून, माझ्या सहीने. पुढचे किती भरेन ते ठाऊक नाही, पैसा काही झऱ्याचा नाही. सूनबाईला रविवारी सांगतो म्हणाला होता. रविवार गेला. जीभ रेटत नाही म्हणतो. मी त्याच्या वतीने सांगणार नाही. पण फार दिवस तोंड शिवूनही राहणार नाही, हे त्याला बजावलंय.

आणि बुधवारी सकाळी काय झालं ते ऐक. हा नेहमीसारखा तयार झाला, डबा घेतला, नातीचा पापा घेतला, दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभा राहिला. खाली गाडी नव्हती. आता जायचं कुठे, ते त्याला सुचेना. सूनबाई आतून विचारत होती, काही विसरलं का. मी चपला घातल्या, पिशवी उचलली आणि तिला ओरडून सांगितलं की मला आज बाहेर काम आहे, हा मला सोडून पुढे ऑफिसला जाईल. आम्ही फाटकाबाहेर पडलो. बसच्या थांब्यापर्यंत त्याने माझा हात धरला होता, की मी त्याचा, सांगता येणार नाही.

तेव्हापासून आम्ही दोघं रोज निघतो. आजही निघालो होतो.

दोघांवरही लोभ ठेव. तो आपलं ओझं माझ्याशी वाटून घ्यायला शिकतो आहे.
तुझी,
ठमी